एम६वर ४० मि.मी. लेन्स: चौकट ३५ची धरावी की ५०ची?

कसबापेठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ०.७२ व्ह्यूफाइंडरची (म्हणजे दृश्य ०.७२ पट आकारात दाखवणाऱ्या, लेन्सपासून वेगळ्या खिडकीची) लायका एम६ आहे आणि तिच्यावर मी आजवर केवळ ५० मि.मी.ची लेन्स वापरत आलो आहे. पुण्याच्या पेठांमध्ये जे थोडे वाडे अजून उभे आहेत, त्यांचे चौक, ओसऱ्या, जिने आणि तिथे राहणारी माणसे हा माझा विषय आहे. या जागा इतक्या अरुंद असतात की चौकाच्या एका भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तरी समोरच्या ओसरीचे दोन्ही टोकांचे खांब ५०च्या चौकटीत मावत नाहीत. मित्राची ३५ मि.मी. लेन्स लावून पाहिली, तेव्हा खांब आले. पण माणसे मला हवी त्यापेक्षा लहान आणि दूर गेल्यासारखी वाटली. त्यामुळे या दोहोंच्या मधली ४० मि.मी.ची एखादी छोटी लेन्स घ्यावी असे मनाने घेतले आहे. फोक्टलेंडरची नॉक्टन ४० मि.मी. एफ १.४ आणि मिनोल्टाची एम-रोक्कॉर ४० मि.मी. एफ २ या दोन लेन्स माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दोन्ही इतक्या आटोपशीर आहेत की कॅमेरा खांद्याच्या झोळीत सहज राहील आणि समोरच्या माणसावर त्याचे दडपणही येणार नाही.

अडचण चौकटीची आहे. एम६च्या व्ह्यूफाइंडरमध्ये २८ आणि ९०, ३५ आणि १३५, ५० आणि ७५ अशा तीन जोड्यांच्या फ्रेमलाइन, म्हणजे त्या त्या लेन्सच्या चित्राची हद्द दाखवणाऱ्या चौकटी, उमटतात, ४०ची मात्र नाही. दुकानात नॉक्टन लावून पाहिली, तेव्हा ५० आणि ७५ची जोडी समोर आली. मी अंधारखोलीत संपूर्ण निगेटिव्ह छापतो, कडा कापत नाही. म्हणून चौकटीत जे दिसले तेच कागदावर यावे, असा माझा आग्रह असतो. अशा वेळी ५०ची चौकट पाहून तिच्या बाहेरचे अंदाजाने धरावे, की कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेली तरफ दाबून ३५ची चौकट आणावी आणि तिच्या आतले धरावे? मी चष्मा लावतो, हेही उत्तर देताना लक्षात घ्यावे. ज्यांनी ४० मि.मी. प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांचा अनुभव वाचायला विशेष आवडेल.

उजेड

आपण प्रश्न नेमका विचारला आहे. उत्तर आधी सांगतो आणि मग कारण: ३५ची चौकट धरा. केवळ आकड्यांकडे पाहिले तर ३५ आणि ४० यांत पाचाचे अंतर, ४० आणि ५० यांत दहाचे, म्हणून ३५ जवळची, असे कोणीही म्हणेल. परंतु खरे कारण त्याहून खोल आहे आणि ते लायकाने या चौकटी कोणत्या अंतरासाठी आखल्या आहेत, यात दडलेले आहे.

लेन्स जवळ फोकस केली की ती फिल्मपासून थोडी पुढे सरकते आणि तिच्या नजरेत येणारे क्षेत्र किंचित आकसते. व्ह्यूफाइंडरमधली चौकट फोकसबरोबर खाली-उजवीकडे सरकते, म्हणजे पॅरॅलॅक्सची (खिडकी आणि लेन्स वेगवेगळ्या जागी असल्याने पडणाऱ्या फरकाची) दुरुस्ती आपोआप होते; मात्र चौकटीचा आकार बदलत नाही. त्यामुळे तो आकार कोणत्या तरी एका अंतरासाठी ठरवावा लागतो. एम६मध्ये तो ०.७ मीटरसाठी ठरवलेला आहे आणि त्यातही पूर्ण २४ × ३६ मि.मी. न धरता, स्लाइडच्या माउंटमध्ये कडा झाकल्या जातात हे गृहीत धरून, २३ × ३५ मि.मी. धरलेले आहे. जवळून काढलेल्या चित्रात काहीही कापले जाऊ नये, यासाठी केलेली ही तजवीज आहे. तिचा परिणाम असा, की अंतर वाढत जाते तसतशी एम६ची प्रत्येक चौकट प्रत्यक्ष चित्रापेक्षा अधिकाधिक कमी दाखवू लागते.

आता हिशेब पाहू. समोरचा माणूस ३ मीटरवर आहे आणि कॅमेरा आडवा धरला आहे. खऱ्या ३५ मि.मी. लेन्सच्या चित्रात त्या अंतरावर सुमारे ३ मीटर रुंदी येते, ४०च्या चित्रात सुमारे २.६३ मीटर. पण एम६ची ३५ची चौकट त्या अंतरावर साधारण २.८० मीटर इतकीच रुंदी दाखवते. म्हणजे चौकटीवर नाव ३५चे असले, तरी ती ३५ आणि ४० यांच्या मधोमध बसते, किंबहुना झुकते ती ४०कडे. फार दूरच्या दृश्यात तर हे आणखी स्पष्ट होते: तिथे ३५ मि.मी. लेन्स चौकटीपेक्षा सुमारे साडेआठ टक्के जास्त रुंदी टिपते, तर ४० मि.मी. सुमारे ५ टक्के कमी. ३५ची लेन्स लावून चौकटीवर विसंबणारा माणूस जेवढा चुकेल, त्याहून ४० लावणारा कमी चुकेल.

याउलट ५०ची चौकट घ्या. ३ मीटरवर ती जेमतेम १.९ मीटर रुंदी दाखवते. तुमच्या चित्रात २.६३ मीटर येणार, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३५ सेंटिमीटरहून जास्त असे काही येईल, जे तुम्ही चौकटीत धरलेच नव्हते. वाड्याच्या चौकात एवढ्या जागेत एक उभा माणूस सहज मावतो. संपूर्ण निगेटिव्ह छापणाऱ्याला हे परवडणारे नाही.

३५ची चौकट धरल्यावर शिस्त एकच पाळायची: जे चित्रात यायलाच हवे ते चौकटीच्या रेषेला टेकू द्यायचे नाही. ३ मीटरवर प्रत्येक बाजूला ८ ते ९ सेंटिमीटर, १ मीटरवर सुमारे ४ सेंटिमीटर आत राहिले की पुरे. प्रमाणात सांगायचे, तर दूरच्या दृश्यात डावी-उजवीकडे अडीच टक्के आणि १ मीटरच्या आसपास साडेचार टक्के. उंचीच्या दिशेने फरक याहूनही कमी आहे. हे सारे आकडे कागदावरचे आहेत आणि प्रत्येक बॉडीच्या चौकटीत थोडाफार फरक असतो, म्हणून स्वतःच्या कॅमेऱ्यावर एकदा पडताळून घ्यावेच.

चष्म्याबद्दल: ०.७२च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चष्म्यासह २८ची चौकट एका नजरेत दिसत नाही, पण ३५ची बहुतेकांना दिसते. ४०साठी तर तुम्हाला तिच्याही किंचित आतलेच पाहायचे आहे, त्यामुळे डोळा इकडेतिकडे फिरवावा लागणार नाही. ३५बरोबर उमटणारी १३५ची चौकट मधोमध चार लहान कोपऱ्यांसारखी दिसते. दोन-तीन रोल झाले की ती नजरेला टोचेनाशी होते.

घड्याळजी

उजेड यांनी दृष्टीची बाजू चांगली मांडली आहे. मी माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीच्या, बाजूने भर घालतो, कारण ३५ची चौकट धरा असे म्हणणे सोपे असले, तरी ती कायम समोर राहावी यासाठी काहीतरी करावे लागते.

लायकाच्या एम कॅमेऱ्यांच्या या माउंटवर, म्हणजे एम बायोनेटवर, चार पाकळ्या असतात. लेन्स लावून फिरवली की त्यांतली एक पाकळी कॅमेऱ्याच्या आतल्या तरफेला ढकलते, आणि ती किती ढकलली गेली यावर कोणती जोडी उमटणार ते ठरते. ३५च्या लेन्सवर ही पाकळी आखूड असते, ५०च्या लेन्सवर त्याहून लांब. बाजारातल्या बहुतेक ४० मि.मी. लेन्सची पाकळी ५०च्या मापाची आहे, म्हणून तुम्हाला ५० आणि ७५ची जोडी दिसली.

यावर सर्वांत निरुपद्रवी उपाय म्हणजे बाहेरची तरफ बोटाने लेन्सपासून दूर ढकलून धरणे. ३५ आणि १३५ची जोडी लगेच येते आणि बोट सोडले की जाते. निवांतपणे चित्र रचताना हे चालते. पण एक हात फोकसवर आणि दुसरा शटरवर असताना तिसरे बोट आणायचे कुठून? काही जण तरफेच्या मागे रबराचा बारीक तुकडा अडकवून ती तशीच रोखून धरतात. ते दिसायला बरे दिसत नाही, परंतु कॅमेऱ्याला किंवा लेन्सला कायमचा बदल होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

दुसरा उपाय पाकळी कानशीने घासून आखूड करण्याचा. नॉक्टनच्या बाबतीत तो जगभर रूढ झालेला आहे. तो करायचाच असेल, तर माउंटची कडी स्क्रू काढून लेन्सपासून वेगळी केल्याशिवाय कानस हातात घेऊ नये. पितळेचा कीस फोकसच्या आट्यांमध्ये शिरला, तर लेन्स फिरवताना कायमची करकर होते आणि तो काढायला संपूर्ण लेन्स उघडावी लागते. स्क्रू ज्या मापाचे आहेत, त्याच मापाचा पेचकस वापरावा. थोडे घासायचे, कडी स्वच्छ पुसून लेन्सवर बसवायची, कॅमेऱ्यावर लावून पाहायची आणि चौकट पूर्ण उमटेपर्यंत पुन्हा थोडे घासायचे. धातू काढता येतो, परत लावता येत नाही, म्हणून घाई नको. मुख्य म्हणजे माउंटची जी सपाट बाजू कॅमेऱ्याला टेकते तिला कानस लागता कामा नये, कारण फोकसची अचूकता तिच्यावर अवलंबून आहे. घासलेल्या लेन्सची पुढे विक्री करताना किंमत कमी येते, हेही ध्यानात ठेवावे.

आता तुमच्या दोन पर्यायांबद्दल. मिनोल्टाच्या रोक्कॉरमध्ये दोन पिढ्या आहेत आणि विकणारे हे नेहमी नीट सांगतातच असे नाही. पहिली १९७३मध्ये आलेल्या लायका सीएल या कॅमेऱ्याची. हा कॅमेरा मिनोल्टाने लाइट्झच्या (लायका बनवणाऱ्या कंपनीच्या) सहकार्याने बनवला होता आणि त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ४०ची चौकट होती. त्याच कॅमेऱ्यासाठी लाइट्झने समिक्रॉन-सी ४० मि.मी. एफ २ काढली. या पिढीच्या लेन्सच्या मागे रेंजफाइंडरला (कॅमेऱ्यातल्या, अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेला) ढकलणारी जी कडा असते, ती सीएलच्या गरजेनुसार तिरकी घडवलेली आहे आणि म्हणून लाइट्झने ती एम बॉडीवर वापरण्याची शिफारस केली नव्हती. दुसरी पिढी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या मिनोल्टा सीएलईची. तिच्यातली कडा नेहमीच्या एम लेन्ससारखी आहे आणि काचांवर अनेक थरांचे कोटिंग आहे. एम६साठी घ्यायची तर ही दुसरी घ्यावी. पहिल्या पिढीच्या लेन्स एम बॉडीवर समाधानाने वापरणारे पुष्कळ लोक आहेत हे खरे, पण विकत घेण्याआधी ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून जवळच्या अंतरावर फोकस तपासण्याची संधी मिळाली तरच तिचा विचार करावा.

जवळ जाण्याची मर्यादाही पाहा. नॉक्टन ०.७ मीटरपर्यंत फोकस होते, रोक्कॉर आणि समिक्रॉन-सी ०.८ मीटरपर्यंत. माणसांचे चेहरे काढणाऱ्याला हे १० सेंटिमीटर कधीकधी हवे असतात. फिल्टर नॉक्टनला ४३ मि.मी.चा आणि रोक्कॉरला ४०.५ मि.मी.चा लागतो, समिक्रॉन-सीसाठी जुना सिरीज ५.५चा फिल्टर शोधावा लागतो, जो आपल्याकडे सहज मिळत नाही.

सह्यकडा

दोघांचेही विवेचन आवडले, तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते. ३५ची चौकट मोठी आणि ४०चे चित्र तिच्यापेक्षा लहान. याचा अर्थ चूक झालीच, तर ती नेहमी कापण्याच्या बाजूने होणार. उंबऱ्यावर बसलेल्या आजींची पावले, ओसरीच्या टोकाचा खांब, दारावरचे तोरण: जे निगेटिव्हवर आलेच नाही ते अंधारखोलीत आणता येत नाही. ५०ची चौकट धरली, तर बाहेरचे जास्त येईल. पण जे पाहिले ते हमखास असेल. ज्या दृश्याची पुन्हा संधी नाही, त्याच्या बाबतीत मी ही खात्री अधिक मोलाची मानतो. हे वाडे पडत चालले आहेत आणि आज काढलेले चित्र उद्या पुन्हा काढता येईलच असे नाही.

शिवाय ५०ची चौकट धरण्याचा आणखी एक लाभ आहे. चौकटीच्या बाहेर काय चालले आहे ते दिसणे, हे रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे वैशिष्ट्यच आहे. ५०च्या रेषांभोवती प्रत्येक बाजूला चौकटीच्या रुंदीचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा आणखी धरायचा, एवढा सराव झाला की डोळा तेवढी जागा आपोआप मोजू लागतो.

ज्यांना अचूक चौकट हवीच आहे, त्यांनी कॅमेरा बदलण्याचाही विचार करावा. कोसिनाच्या फोक्टलेंडर बेसा आर३एमध्ये ४०ची चौकट आहे आणि तिचा व्ह्यूफाइंडर एकास एक आकाराचा असल्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून चित्र रचता येते. मात्र चष्मा लावणाऱ्याला त्यात ४०च्या चारही कडा एकदम दिसणे कठीण जाते. सीएलईमध्येही ४०ची चौकट आहे, पण तिचे शटर विजेवर चालते आणि अशा जुन्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याची दुरुस्ती हा मोठा प्रश्न होऊन बसतो.

नर्मदाकाठ

इंदूरहून लिहितो आहे. हा धागा इतर बॉडी असलेलेही वाचतील, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो.

वरचा सगळा हिशेब एम६चा आहे, तो जसाच्या तसा डिजिटल एमला लावू नये. एम२४० आणि एम१० यांच्या चौकटी २ मीटरसाठी आखलेल्या आहेत, त्यामुळे तिथे ३५ची चौकट ३५ लेन्सशी प्रामाणिक आहे आणि ४०चे दूरचे चित्र तिच्यापेक्षा रुंदीत सुमारे ११ टक्के लहान येते. अर्थात त्या कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यू असल्यामुळे शंका आली की मागच्या पडद्यावर पाहता येते.

१९५४च्या एम३मध्ये तर ५०, ९० आणि १३५ याच चौकटी आहेत, ३५ची नाहीच. तिथे लाइट्झने ३५च्या लेन्सवर व्ह्यूफाइंडर आणि रेंजफाइंडरच्या खिडक्यांपुढे येणारी दोन भिंगे बसवली होती, जेणेकरून ५०च्याच चौकटीत ३५चे दृश्य मावावे. चौकट जुळली, पण लेन्सचा आटोपशीरपणा गेला. एम३वर ४० वापरणाऱ्यांना ५०च्या रेषांबाहेरच पाहावे लागते, तेव्हा सह्यकडा यांची पद्धत त्यांच्या कामाची आहे.

कसबापेठ

सर्वांचे मनापासून आभार. सह्यकडा यांची भीती मला पटते, कारण पावले कापली गेलेली चित्रे मलाही सहन होत नाहीत. पण माझे बहुतेक काम २ ते ४ मीटरवरचे आहे आणि तिथे दोन्ही बाजूंना पस्तीस सेंटिमीटर जास्तीचे घेण्यापेक्षा आठ-नऊ सेंटिमीटर आत राहणे मला सोपे वाटते. नॉक्टन घ्यायची आणि पाकळी लगेच न घासता, आधी रबराच्या तुकड्यावर काही काळ काढायचा, असे ठरवतो आहे. उजेड यांनी पडताळून पाहायला सांगितले आहे. रोलचे आजचे भाव पाहता, फिल्म न वापरता हे करता येईल का?

उजेड

करता येईल आणि तसेच करावे. एम६चे तळाचे झाकण काढून मागची झडप उघडा. फिल्म जिथे सपाट बसते त्या चौकोनी खिडकीवर ट्रेसिंग पेपरचा ताणलेला तुकडा चिकटपट्टीने लावा; पट्टी शटरच्या कापडाला अजिबात लागणार नाही, याची काळजी घ्या, आणि कागद फिल्मच्या आतल्या पट्ट्यांवर टेकलेला असू द्या. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर बी वर (दाबून धरले तोवर उघडे राहणाऱ्या स्थितीवर) लावा, केबल रिलीज अडकवून ते उघडे रोखून धरा आणि ॲपर्चर पूर्ण उघडा. डोक्यावर काळे कापड घेतले की कागदावर उलटे चित्र दिसेल, आणि लेन्स प्रत्यक्षात काय टिपते ते तेच.

समोर भिंतीवर मोजपट्टी आडवी लावा. आधी व्ह्यूफाइंडरमधून पाहून ३५च्या चौकटीची डावी आणि उजवी रेषा मोजपट्टीवर कुठे पडते ते लिहून घ्या, मग कागदावर कडा कुठे येतात ते पाहा. रेषेला जाडी असते, तेव्हा दर वेळी तिची आतली कडाच धरा. १, २ आणि ४ मीटर अशा तुमच्या नेहमीच्या अंतरांवर हे करा. प्रत्येक वेळी लेन्स त्या अंतरावर फोकस केलेली हवी, नाहीतर पॅरॅलॅक्समुळे डाव्या-उजव्या बाजूंचे आकडे फसवे येतील. नंतर मोजपट्टी उभी लावून तेच करा. सह्यकडा यांची हरकत विशेषतः या उभ्या मापाबद्दल आहे आणि माझ्या मते तिथेच ३५ची चौकट सर्वांत कमी दगा देते, पण ते तुमच्या बॉडीवर दिसू द्या.

लेन्सवर हूड (बाजूचा उजेड अडवणारी कडी) लावून हे पुन्हा पाहावे, असेही सुचवतो. लायकाच्या व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचा पुढचा भाग खालच्या उजव्या कोपऱ्यात डोकावतो. ४० मि.मी.च्या छोट्या लेन्स एकट्या असताना तो कोपरा जवळजवळ मोकळा ठेवतात, पण मोठा हूड लावला की चौकटीचा तेवढा भाग झाकला जातो. आडव्या चित्रात बसलेल्या माणसाची पावले नेमकी त्याच बाजूला असली, तर ती रेषेच्या आत आहेत की बाहेर हे कळणार नाही. बाजूने कापलेला, आरपार दिसणारा हूड मिळाला तर तोच घ्यावा.